जिंकलेल्या पैशांचा दावा

कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूचा लिलाव होई आणि त्या लिलावात अफूला सरासरी काय भाव फुटेल यावर मुंबईत पैजा लागत. अफू कोणाला घ्यायची नसे, कोणाला विकायची नसे. ठरलेल्या आकड्याच्या वर भाव गेला तर एकाने फरक मोजायचा, खाली आला तर दुसऱ्याने. असाच एक फरक मोजायची वेळ आली तेव्हा हरलेल्या बाजूने हात वर केले. जिंकलेल्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजुमल धोंडमल या नावाने तो १८४८ सालचा निकाल मूर यांच्या ‘इंडियन अपील्स’च्या चौथ्या खंडात छापलेला आहे.

आज हिंगोली, कळमनुरी किंवा सेनगावात बसून ऑनलाईन कॅसिनोत जिंकलेल्या एखाद्याच्या मोबाईलवर ‘विड्रॉल पेंडिंग’ अशी पाटी अडकून राहते, तेव्हा त्याचा वकील शेवटी ज्या कायद्यापाशी येऊन थांबतो, त्याची सुरुवात या अफूच्या पैजेत आहे. मधल्या पावणेदोनशे वर्षांचे कागद सुदैवाने शाबूत आहेत. ते ओळीने लावले की एक गोष्ट दिसते. जुगारात जिंकलेला पैसा वसूल करण्याचा रस्ता या देशात फार थोडा काळ उघडा होता, आणि तो बंद झाल्यावर पुन्हा कोणीही उघडलेला नाही.

लॉर्ड कॅम्पबेल यांनी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल दिला, तो काहीसा खजील होऊनच. इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे पैजेवर दावा चालतो; तो चालू नये म्हणून इंग्लंडच्या न्यायाधीशांनी वर्षानुवर्षे नाना पळवाटा काढल्या, याची त्यांनी स्वतःच कबुली दिली. पार्लमेंटने १८४५ साली कायदा करून तिथल्या पैजा रद्दबातल केल्या होत्या, पण तो कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. तेव्हा इथे जुनाच नियम चालणार. तिसऱ्याचे नुकसान नाही, सार्वजनिक धोरणाला बाध नाही, मग हरलेल्याने पैसे दिले पाहिजेत. जिंकलेल्याला कोर्टाचे दार मिळाले ते असे, न्यायाधीशांची इच्छा नसताना.

ते दार फार दिवस उघडे राहणार नव्हते. त्याच वर्षी, १८४८ चा २१ वा कायदा कलकत्त्याहून निघाला. कायदा लहानसा आहे. पैजेचे आणि जुगाराचे सगळे करार निरर्थक. पैजेत जिंकलेले काहीही वसूल करण्यासाठी कोणत्याही कोर्टात दावा चालणार नाही. यात काय नाही तेही पाहावे. पैज लावणाऱ्याला शिक्षा नाही, दंड नाही, पोलिसांचा उल्लेख नाही. सरकारने एवढेच सांगितले, की तुमच्या खेळाचा हिशेब तुम्ही बघा, आमच्याकडे येऊ नका.

बाजाराने लगेच फट शोधली. १८५० साली दुलबदास पितांबरदास यांचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे आले. समोरची बाजू पुन्हा रामलाल ठाकुरसीदासांचीच. नवा कायदा होण्याआधीच दाखल झालेल्या दाव्यांचे काय, हा प्रश्न होता. उत्तर आले की ते चालतील. पुढच्यांसाठी मात्र दार बंद. मग दलालांनी दुसरा मार्ग धरला. पैजेवर दावा चालत नसेल तर दलालाने आधी जिंकणाऱ्याचे पैसे चुकते करायचे आणि नंतर आपल्या गिऱ्हाईकावर दलाली आणि खर्चाचा दावा लावायचा. कागदावर ती पैज नव्हे, नोकरीचा मोबदला. मुंबई सरकारने १८६५ च्या तिसऱ्या कायद्याने तीही फट बुजवली: पैजेला जोडून आलेले करारही रद्द, दलालीचा दावाही नाही. बाकीच्या इलाख्यांत तो रस्ता पुढेही खुला राहिला. अख्ख्या देशात मुंबईलाच एवढा कडक कायदा का लागला, याचे उत्तर मला तरी मुंबईच्या बाजारातच दिसते. तिथे पैजेसाठी विषय कमी पडत नसत. पावसावर सट्टा चाले. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली पोलिसांनी पावसाच्या सट्टेवाल्यांना धरले, तर १८८९ साली नरोत्तमदास मोतीराम यांच्या खटल्यात हायकोर्टाने सांगितले की पावसावरची पैज या कायद्यातल्या जुगारात बसत नाही. सरकारला १८९० साली कायदा दुरुस्त करावा लागला.

त्याआधीच, १८७२ च्या करार कायद्यात, १८४८ चा नियम ३० व्या कलमात आला होता. पैजेचा करार निरर्थक. जिंकलेल्या रकमेसाठी दावा नाही. निकाल लागेपर्यंत तिसऱ्याच्या हाती ठेवलेल्या जिंकलेल्या रकमेसाठीही नाही. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीतल्या पाचशे रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या वर्गणीचा. हे कलम आजही जसेच्या तसे आहे.

हिंगोली मात्र या सगळ्याच्या बाहेर होती. ती निजामाच्या राज्यात. गावाला लागून हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजांच्या हुकमतीखालच्या फौजेची छावणी होती आणि ती १९०३ पर्यंत राहिली. छावणीत रेसिडेंटचा अंमल, गावात निजामाचा. या छावणीचाच एक कागद इथे आठवतो, विषय थोडा बाजूला जात असला तरी. कंटिन्जंटच्या पगाराची बाकी निजामाच्या नावावर चढत गेली, आणि ती फेडण्यासाठी २१ मे १८५३ च्या तहाने त्याला वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावा लागला. वसुलीला कायदा आणि तोफा दोन्ही पाठीशी असल्या की येणे किती दूर जाऊन वसूल होते, त्याचा हा नमुना. पैजेच्या येण्यापाठी यातले काहीच नव्हते.

निजामाने जुगाराचा स्वतःचा कायदा केला तो १३०५ फसलीचा दुसरा कायदा, म्हणजे आपल्या १८९५-९६ सालचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तोवर या भागाचा जुगाराचा कायदा हाच. पुढे १८८७ चा मुंबईचा कायदा इथेही लागू झाला. हैदराबादी कायद्याचे नाव आज हिंगोलीच्या न्यायालयात क्वचितच कोणी घेत असेल. पण मोबाईलवरच्या रमीचा सगळा डोलारा ज्या एका निकालावर उभा राहिला, तो नेमका याच कायद्याखालचा.

४ मे १९६३ ला सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांचा छापा पडला. टेबलाभोवती बसून सभासद पैसे लावून रमी खेळत होते. १३०५ फसलीच्या कायद्याच्या ४ आणि ५ कलमांखाली खटला भरला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आंध्र प्रदेशच्या हायकोर्टात सुटका, मग सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात. २२ नोव्हेंबर १९६७ ला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. रमी हा तीन पत्त्यांसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. कोणते पान पडले ते लक्षात ठेवावे लागते. कोणते धरायचे, कोणते टाकायचे यात कसब आहे. आणि हैदराबादी कायद्याच्या १४ व्या कलमाने कसबाचे खेळ वगळलेच होते.

पुढच्या सगळ्या रमी कंपन्यांनी या निकालाचा एवढाच भाग पाठ केला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. क्लब पत्त्यांचे आणि बसण्याचे थोडे पैसे घेत होता. कोर्टाने ते साध्या सोयीचे शुल्क मानले. पण घराचा मालक त्या खेळातून नफा मिळवत असल्याचा पुरावा असता, तर गुन्हा ठरला असता, असेही न्यायालयाने स्पष्ट म्हटले. प्रत्येक डावातून कमिशन कापणाऱ्या ॲपला ही ओळ किती अडचणीची होती ते वेगळे सांगायला नको. जाहिरातीत मात्र ‘सुप्रीम कोर्टाने मान्य केलेला खेळ’ एवढेच येई.

त्याआधीच्या दशकांत मुंबई राज्यात दुसरा एक वाद झाला तोही इथे ठेवायला हवा. ‘आर.एम.डी.सी.’ची शब्दकोडी १९४० आणि ५० च्या दशकांत गाजत होती. कोडे छापणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ बंगळुरूहून निघे, प्रवेशिका आणि पैसे मुंबई राज्यातून जात. चालक एका राज्यात, खेळणारा दुसऱ्या राज्यात. कर कोणी घ्यायचा, कायदा कोणाचा? ९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापारच नाही, त्यामुळे व्यापाराच्या घटनात्मक स्वातंत्र्याचे कवच त्याला मिळत नाही. एका हाताने सरकारने कोड्यांवर बंधन घातले, दुसऱ्या हाताने १९६९ मध्ये महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी सुरू केली. खेळणाऱ्याच्या दृष्टीने या दोन खेळांत एक मोठा फरक होता. लॉटरीचे बक्षीस सरकारी तिजोरीतून मिळते, आणि ते न मिळाल्यास दाद मागायला एक कार्यालय आहे.

दरम्यान, घेरूलाल पारख यांच्या प्रकरणात २६ मार्च १९५९ ला न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी ३० व्या कलमाचा अर्थ पक्का केला. पैजेचा करार निरर्थक आहे, पण बेकायदा किंवा अनैतिक नाही. म्हणजे भागीदारांनी मिळून गव्हाच्या सट्ट्यात नुकसान सोसले तर ते आपसात वाटून घेण्याचा करार चालू शकतो. जिंकलेल्याचा दावा मात्र अजूनही चालत नाही. कायद्याने त्याला गुन्हेगार म्हटले नाही आणि दाराशीही उभे केले नाही.

इथे हळदीची गोष्ट आली पाहिजे, कारण या जिल्ह्यात सट्टा म्हटला की आधी हळद आठवते. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतला हळदीचे बीट झाले की भाव फुटतो आणि त्या भावाने माल हलतो. वायद्यात भाव पुढचा असतो, आणि बहुतेक सौदे माल न देता-घेता फरकावरच मिटतात. मग हाही जुगार का? प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली भगवानदास परसराम विरुद्ध बुर्जोरजी रतनजी या मुंबईच्या प्रकरणात याचे उत्तर दिले. पक्का आडत्या, म्हणजे सौद्याची हमी स्वतः घेणारा दलाल, मधे होता. न्यायालय म्हणाले, एकाने नुसता सट्टा केला म्हणून करार पैज होत नाही. दोघांच्याही मनात पहिल्यापासून माल द्यायचा-घ्यायचा नाही, फक्त फरक मोजायचा आहे, असे असेल तरच ती पैज. म्हणून वायदे बाजारातल्या व्यापाऱ्याचे येणे कोर्टात वसूल होते आणि त्याच भावावर चहाच्या टपरीवर लागलेल्या पैजेचे होत नाही. ऑनलाईन कॅसिनो यातल्या दुसऱ्या घरात बसतो, त्याबद्दल वादच नाही. तिथे द्यायला मालच नाही.

कोर्ट नाही तर मग पैसे मिळत कसे? मटक्याच्या काळाकडे पाहिले की कळते. कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत आणि दोनच वर्षांनी रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर हा आकडा लागे. आता तो पत्त्यांतून निघू लागला. ओपन, क्लोज, जोडी, पत्ती हे शब्द राज्यभर गेले. चिठ्ठीवर आकडा आणि रक्कम असे, नाव बहुधा नसे. कोर्टात त्या कागदाला कवडीची किंमत नव्हती. तरी आकडा लागला की पैसे मिळत, कारण बुकी त्याच गल्लीत राहत असे. एकाला बुडवले तर दुसऱ्या दिवशी गल्लीच आली नसती. म्हणजे येण्याची हमी बुकीची पत आणि त्याचा उद्याचा धंदा.

या खेळाच्या सरकारी कागदांत जिंकलेल्याचा मागमूस नाही. मराठवाड्यातल्या पोलिसांच्या प्रेसनोट पाहा. भाषा ठरलेली असते: ‘स्वतःच्या आर्थिक फायद्यासाठी पैशावर हारजीतीचा तिर्रट नावाचा जुगार खेळताना मिळून आले’, ‘कल्याण मटक्याचे आकडे लिहून पैसे घेताना मिळून आला’, ‘कलम १२ (अ) मजुका’. मजुका म्हणजे महाराष्ट्र जुगार कायदा, १८८७ चाच, २०१२ च्या सुमाराला नाव बदललेला. पुढे जप्तीची यादी: रोख, पत्ते, मोबाईल, मोटारसायकल. कोण जिंकत होते आणि कोणाचे कोणाकडे किती येणे होते, याची कोणाला गरजच नाही. टेबलावरचा सगळा पैसा मुद्देमाल.

महाराष्ट्रात एकदा वेगळे घडू शकले असते. १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला. परवाना, शुल्क, तपासणी सगळे त्यात होते. परवाना देणारे कोणी असते तर तक्रार ऐकणारेही कोणी असते. पण हा कायदा लागू करण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. गोव्याने मात्र १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी हॉटेलांत आणि बोटींवर खेळ चालू दिले. महाराष्ट्राचा कायदा मधल्या काळात हायकोर्टातल्या याचिकांमध्ये तेवढा डोके वर काढी. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला. सत्तेचाळीस वर्षांत एक दिवसही न चाललेला कायदा असा गेला.

त्याच २०२३ सालात दिल्लीहून एक कागद निघाला होता, तो मला या सगळ्या मालिकेत सर्वात चमत्कारिक वाटतो. ६ एप्रिलला माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. पैशांच्या ऑनलाईन खेळांच्या कंपन्यांनी खेळणाऱ्याला आधीच सांगायचे: भरलेली रक्कम काढायची किंवा परत मिळवायची पद्धत काय, जिंकलेली रक्कम कशी ठरते, कशी वाटली जाते, शुल्क किती. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, केवायसी करायची. इथे एका सरकारी कागदाने जिंकलेल्याच्या विड्रॉलकडे पाहिले. हे सगळे चालणार होते स्वनियामक संस्थांच्या मान्यतेवर. त्या संस्था सरकारने कधी नेमल्याच नाहीत. नियम पुस्तकात राहिले.

कर मात्र लगेच लागू झाला. १ एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्याच्या १९४बीए कलमाने ऑनलाईन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कंपनीनेच कापायचा, तोही विड्रॉल होताना किंवा वर्षाच्या शेवटी. १ ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला.

मग २०२५. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही, आणि ऑनलाईन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा झाला. पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाईन खेळ यात बंद, कसबाचा असो की नशिबाचा. म्हणजे १९६७ चा रमीचा निकाल ऑनलाईनपुरता बाजूला पडला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत पैशांचे खेळ थांबवले आणि वॉलेटमधली शिल्लक काढून घ्यायला मुभा दिली. त्यांना पत्ता होता, पॅन होता, बँक होती.

ज्यांना यातले काहीच नव्हते ते राहिले. परदेशी कॅसिनोंची नोंदणी बहुधा कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटाची. तिथे १९९३ च्या कायद्याखाली चारच मुख्य परवाने होते आणि त्यांच्या हाताखाली शेकडो उपपरवाने. खेळणाऱ्याच्या तक्रारीला सरकारी पातळीवर जवळजवळ जागा नव्हती. २४ डिसेंबर २०२४ ला तिथे नवा कायदा आला, उपपरवान्यांची पद्धत मोडली, आणि परवानाधारकांनी वाद स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवायची सोय ठेवावी असे ठरले. क्युरासावला अर्ज करणाऱ्या हिंगोलीच्या माणसाला तरी यातून फार आशा धरता येत नाही. भारतातून तिथे पैसे पाठवणेच परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत बसत नाही. लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी रक्कम पाठवायला पहिल्याच परिशिष्टात मनाई आहे. त्यामुळे पैसा सरळ कॅसिनोकडे जातच नाही. यूपीआयवर दिसते ते भलत्याच कोणाचे खाते असते, भाड्याने घेतलेले. विड्रॉलही तशाच खात्यातून येतो. ते खाते दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीत अडकलेले असेल तर परराज्यातले पोलीस पैसे आलेल्या खात्यालाही टाळे लावतात. जिंकलेले पैसे ज्याला मिळाले तोही मग अडकतो.

कॅसिनो नकार देतो ते सहसा ‘नाही’ म्हणून नव्हे. अटी पुढे करतो. पाच हजारांचा बोनस घेतला आणि त्यावर तीसपट खेळायची अट असेल, तर विड्रॉलला हात लावण्याआधी दीड लाखाच्या पैजा लावाव्या लागतात. तोवर शिल्लक बहुतेक वेळा संपलेली असते. ती पार केली की केवायसी, मग पुन्हा केवायसी, मग ‘एकाच उपकरणावर दोन खाती’ असा शेरा. आणि शेवटी सगळ्यात सरळ चोरी: ‘तुमची रक्कम तयार आहे, ३० टक्के टॅक्स आधी भरा.’ इथे आयकराचा वर सांगितलेला नियम उपयोगी पडतो. तो कर रकमेतूनच कापायचा असतो. खेळणाऱ्याने वेगळा पाठवायचा प्रश्नच येत नाही. आणि खरोखर कापला असेल तर तो आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या पॅनसमोर दिसतो. नसेल दिसत तर तो कर नव्हताच.

नागपूरचे जुलै २०२३ चे प्रकरण या सगळ्याचा मोठा आकार दाखवते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गोंदियातल्या एका बुकीने नागपूरच्या व्यापाऱ्याला ऑनलाईन खेळाची लिंक दिली. सुरुवातीला व्यापारी जिंकत गेला, मग हरत गेला, आणि एकूण ५८ कोटी गेले. संशय आल्यावर त्याने पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. गोंदियाच्या घराच्या झडतीत सुमारे १७ कोटी रोख, शिवाय सोने आणि चांदी सापडली. आरोप अजून आरोपच आहेत. पण गुन्हा ज्या रीतीने नोंदला गेला ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. ‘मी पैज जिंकलो आणि मला पैसे दिले नाहीत’ असे तक्रारीत असते तर ३० वे कलम समोर उभे राहिले असते. तक्रार होती फसवणुकीची: ॲप बनावट, खेळ आधीच फिरवलेला, पैसे भरायला लावले ते खोटे दाखवून. मग ती पैज उरत नाही. तेव्हाच्या दंडसंहितेचे ४२० कलम, आता न्यायसंहितेचे ३१८, आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६डी. 

असाच एक भेद बँकेच्या पातळीवर लागतो. वॉलेटमध्ये भरलेली आणि न खेळलेली रक्कम ही अजून खेळणाऱ्याची आहे. तिसऱ्याच्या हाती ठेवलेली बाजी पुढे दिली जाण्याआधी ठेवणारा मागे घेऊ शकतो, हे करार कायद्याच्या भाष्यांत जुनेच आहे. जिंकलेली रक्कम तशी नाही. म्हणून तक्रार करायची तर विवरण वेगळे करावे: किती भरले, कधी, कोणत्या यूपीआय पत्त्यावर, त्यातले किती खेळले, किती परत मागितले, काय उत्तर आले. टेलिग्रामवरचे संवाद पुसले जातात. ते आधी जपावेत. १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार जितकी लवकर जाते तितकी पुढच्या खात्यात रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. पैसे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पिनने पाठवले असले की बँक सहसा जबाबदारी घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेच्या सेवेतली चूक नेता येते, कॅसिनोचे देणे नाही.

रक्कम थांबली तर ती आपोआप परत येत नाही. तिच्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ व्या कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या ४५७ खाली, बहुधा दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो.  सोबत सायबर पोलिसांचा अहवाल, बँकेचे विवरण, व्यवहारांचे क्रमांक जोडायचे. तीच रक्कम दोघा-तिघा अर्जदारांनी मागितलेली असली तर तिची वाटणी कशी करायची, हे दंडाधिकारी ठरवतात. अर्जदाराने भरलेल्या रकमेवर हे सगळे चालते. ॲपच्या पडद्यावर दाखवलेला जिंकल्याचा आकडा कितीही मोठा असला, तरी त्याचा या अर्जात विचार होत नाही.